ईसीजी प्रोजेक्टचा लिटरेचर सर्व्हे: कॉलेजच्या लायब्ररीत काय शोधायचं आणि कुठे

प्रश्न थोडक्यात असा आहे: इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट बॅटरीवर चालणाऱ्या ईसीजी फ्रंट-एंडचा, म्हणजे हृदयाचा सिग्नल पकडून मोठा करणाऱ्या सर्किटचा. गाईडनी पंचवीस पेपरचा लिटरेचर सर्व्हे मागितला आहे. लायब्ररीत आजवर जाणं झालं ते बुक बँकेची पुस्तकं घ्यायला आणि परीक्षेआधी अभ्यासिकेत बसायला. आता सुरुवात कुठून करायची?

कपाटापासून नको आणि सर्च बॉक्सपासूनही नको. आधी एका कागदावर ब्लॉक डायग्राम काढा: इलेक्ट्रोड, इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर, राइट लेग ड्राइव्ह (उजव्या पायातून उलटा सिग्नल देऊन गोंगाट दाबणारं सर्किट), फिल्टर, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा), मायक्रोकंट्रोलर, क्यूआरएस (ठोक्याचं टोकदार शिखर) ओळखणारा प्रोग्रॅम. प्रत्येक चौकोनाखाली तिथे ठरवावे लागणारे आकडे लिहा. गेन किती, बँडविड्थ किती, सीएमआरआर (दोन्ही इनपुटवर सारखाच येणारा गोंगाट किती दाबला जातो) किती, सॅम्पलिंग रेट किती, माणसाच्या अंगातून जास्तीत जास्त किती करंट गेलेला चालतो. बहुतेक ठिकाणी प्रश्नचिन्हच येईल. त्या प्रश्नचिन्हांची यादी हाच तुमचा सर्व्हे. पंचवीस अ‍ॅबस्ट्रॅक्ट एकाखाली एक चिकटवले तर जंत्री होते, सर्व्हे होत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न विचारतात तो "हा रेझिस्टर एवढाच का?" असा. प्रोजेक्टमधल्या प्रत्येक आकड्याला आधार मिळवून देणं, एवढ्यासाठीच लायब्ररीत जायचं.

आकडा कुठल्या जातीचा आहे त्यावरून कुठे बघायचं ते ठरतं. एखादी गोष्ट अशी का वागते ते पुस्तकात मिळतं. अमुक आयसी किती देतो ते डेटाशीटमध्ये, किती असायलाच हवं ते मानकात, इतरांनी किती साधलं ते पेपरमध्ये. करताना कुठे अडलं हे बहुतेक वेळा पीएचडीच्या प्रबंधातच सापडतं, कारण चार-सहा पानांच्या पेपरमध्ये ते लिहायला जागा नसते. ही गल्लत फार होते. सुरक्षिततेची मर्यादा कुठल्यातरी कॉन्फरन्स पेपरमधून उचलायची आणि आयसीचा सीएमआरआर पुस्तकातून, म्हणजे दोन्ही आकडे बिनआधाराचे.

पुस्तकांच्या कपाटांपासून पुढे जाऊ. बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांत ड्युई दशांश वर्गीकरण असतं. इलेक्ट्रॉनिक्स ६२१.३८१ मध्ये, त्यातली सर्किट्स आणि घटक ६२१.३८१५ मध्ये, कम्युनिकेशन ६२१.३८२ मध्ये, सिग्नल प्रोसेसिंग ६२१.३८२२ मध्ये, कॉम्प्युटर हार्डवेअर आणि व्हीएलएसआय ६२१.३९ च्या आसपास, कंट्रोल ६२९.८ मध्ये. हे दशांश आहेत हे विसरू नका: ६२१.३८१५ हा ६२१.३८१ आणि ६२१.३८२ यांच्या मध्ये येतो. बरेच जण ३८१५ हा मोठा आकडा समजून रांगेच्या शेवटी शोधतात आणि पुस्तक नाही म्हणून परत येतात.

ईसीजीसारखा दोन शाखांमधला विषय एकाच कपाटात सापडत नाही. बायोमेडिकल इंजिनीअरिंग ६१०.२८ मध्ये जातं, वैद्यकीय उपकरणं ६८१ मध्ये, हृदयरोग ६१६.१२ मध्ये, तर अ‍ॅम्प्लिफायरची पुस्तकं ६२१.३८१५ मध्येच राहतात. वर्गीकरण करणाऱ्याने कुठली बाजू महत्त्वाची मानली त्यावर पुस्तकाचं कपाट ठरतं. म्हणून ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन यादीत, फक्त शीर्षकाने शोधून थांबू नका. एक चांगलं पुस्तक सापडलं की त्याच्या नोंदीतला विषयाचा दुवा दाबा, त्या विषयाखालची सगळी पुस्तकं येतात. मग कॉल नंबर (पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गीकरणाचा क्रमांक) लिहून घेऊन कपाटापाशी जा आणि आजूबाजूची दहा पुस्तकं चाळा. चाळायची म्हणजे शेवटची सूची उघडायची, "कॉमन मोड", "इलेक्ट्रोड", "आयसोलेशन" हे शब्द बघायचे आणि थेट त्या पानांवर जायचं. पुस्तक घरी न्यायचं की नाही ते तिथेच कळतं.

विद्यापीठाच्या सिलॅबसवर बेतलेली स्थानिक प्रकाशनं या कामाला चालत नाहीत. त्यांत सूत्र असतं, पण ते कुठल्या गृहीतकांवर उभं आहे ते नसतं, आणि मागे संदर्भही नसतात. जुनं पुस्तक मात्र टाकाऊ समजू नका. अ‍ॅनालॉगची मुळं चाळीस वर्षांत हललेली नाहीत. मायक्रोकंट्रोलर आणि वायरलेसच्या पुस्तकांचं तसं नाही, तिथे वर्ष बघूनच हात लावा.

पुस्तकातून काय मिळवायचं याचं एक उदाहरण घेऊ. आपण मेन्सच्या वायरिंगच्या जवळ असतो, त्यामुळे हवेतल्या कपॅसिटन्समधून शरीरात अगदी बारीक करंट शिरतो. पाठ्यपुस्तकांतलं नेहमीचं गणित ०.२ मायक्रोअँपिअर धरून होतं. उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडचा इंपीडन्स ५० किलोओहम धरला तर अंगावर १० मिलिव्होल्ट कॉमन मोड व्होल्टेज, म्हणजे सगळ्या इलेक्ट्रोडवर सारखंच येणारं व्होल्टेज, येतं. ईसीजी सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा. आता दोन हातांच्या इलेक्ट्रोडच्या इंपीडन्समध्ये २० किलोओहमचा फरक असेल आणि अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इंपीडन्स ५ मेगओहम असेल, तर १० मिलिव्होल्ट गुणिले २० किलो भागिले ५ मेग, म्हणजे ४० मायक्रोव्होल्ट एवढा ५० हर्ट्झचा गोंगाट खऱ्या सिग्नलच्या रूपात आत शिरतो. आयसीचा सीएमआरआर १२० डेसिबल असला तरी तो इथे काही करू शकत नाही. दोन ओळींच्या या गणितातून तीन निर्णय निघतात: इनपुट इंपीडन्स शेकडो मेगओहमच्या वर हवा, इलेक्ट्रोडची जेल वाळलेली चालणार नाही, आणि राइट लेग ड्राइव्हची खरंच गरज आहे. शिवाय पुढे पेपरमध्ये काय शोधायचं तेही ठरतं.

त्याच कपाटातून आणखी एक गणित. तीन ऑप-अँप वापरून स्वतः इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा मोह होतो. १ टक्का टॉलरन्सच्या रेझिस्टरनी बांधलेल्या गेन १ च्या डिफरन्स स्टेजचा सीएमआरआर वाईटात वाईट ३४ डेसिबल असू शकतो. तिच्या आधीच्या स्टेजला गेन १० दिला तर त्यात २० डेसिबलची भर पडते, एकूण ५४. ब्रेडबोर्डवर स्क्रीनभर ५० हर्ट्झ का दिसतो याचं उत्तर बरेचदा इथेच असतं, आणि लोक मात्र नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी काढणारा) बदलत बसतात.

डेटाशीटसाठी कपाटात शोधत बसू नका. पण लायब्ररीत जुन्या डेटा बुकांचा गठ्ठा असेल तर त्यातल्या अ‍ॅप्लिकेशन नोट्स जरूर चाळा. जुना पार्ट नंबर इंटरनेटवर सापडत नसेल तर कंपनी कुणी घेतली ते आठवा: नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली, अ‍ॅटमेल २०१६ मध्ये मायक्रोचिपकडे, लिनिअर टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये आणि मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे. डेटाशीट नेहमी आजच्या मालकाच्या साइटवरून घ्या आणि रिव्हिजनचं अक्षर लिहून ठेवा.

वाचताना पहिल्या पानावर विसंबू नका. तक्त्यात मिनिमम, टिपिकल आणि मॅक्सिमम असे तीन रकाने असतात. डिझाइन वाईट टोकाच्या रकान्यावर करायचं, टिपिकलवर नाही. तक्त्याच्या डोक्यावर आणि तळटीपेत मोजणीच्या अटी असतात. सीएमआरआर कुठल्या गेनला, किती हर्ट्झपर्यंत आणि सोर्समध्ये किती असमतोल धरून मोजला, हे न लिहिता नुसता आकडा उतरवला तर दोन आयसींची तुलना खोटी पडते.

इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट, म्हणजे त्वचेशी संपर्कामुळे येणारं स्थिर व्होल्टेज, हाही असाच अडखळायला लावणारा आकडा. तो ±३०० मिलिव्होल्टपर्यंत धरायचा असतो. ±५ व्होल्टवर पहिल्या स्टेजला गेन १० दिला तर ३ व्होल्ट होतात, जमतं. गेन १०० दिला की ३० व्होल्ट मागतो, आउटपुट रेलला (सप्लायच्या टोकाला) चिकटतं आणि स्क्रीनवर सरळ रेघ येते. मग एडी८२३२ हा आयसी ३.३ व्होल्टवर गेन १०० कसा देतो? त्याच्या आत डीसी अडवणारी फीडबॅकची रचना आहे म्हणून, आणि ती डेटाशीटच्या मधल्या पानांवर, जिथे आतली रचना समजावली आहे तिथे आहे. तयार मोड्यूल विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर वाचतात.

मानकांबद्दल विद्यार्थी सहसा विचारतच नाहीत, पण माणसाला वायर जोडणार असाल तर टाळता येणार नाही. वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०६०१ आणि भारतीय मानक आयएस १३४५०. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) साइटवर खातं काढलं की भारतीय मानकं मोफत उतरवता येतात. रुग्णाच्या अंगातून जाणाऱ्या गळती करंटची मर्यादा त्यात आहे: नेहमीच्या स्थितीत बीएफ प्रकारच्या (शरीराला जोडलेल्या, पण थेट हृदयाला नव्हे) उपकरणाला १०० मायक्रोअँपिअर, थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या सीएफ प्रकाराला १०. राइट लेग ड्राइव्हच्या वाटेत करंट रोखणारा रेझिस्टर किती ठेवायचा, ते यावरून ठरतं. आणि लॅपटॉप चार्जरला लावून यूएसबीमधून माणसाचा ईसीजी घेणं या मर्यादेत बसेलच असं नाही. मोजणी होईपर्यंत सगळं बॅटरीवर चालवा.

आता पेपर. आयईईई एक्सप्लोअर, म्हणजे आयईईई या संस्थेच्या पेपरांचा ऑनलाइन साठा, कॅम्पसच्या नेटवर्कवरून उघडा. सबस्क्रिप्शन बहुतेक ठिकाणी आयपी अ‍ॅड्रेसवर असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उघडलं की पैसे मागतं, आणि विद्यार्थी समजतात कॉलेजने घेतलेलंच नाही. वर कॉलेजचं नाव दिसतंय का ते आधी बघा. घरून बघायचं असेल तर रिमोट अ‍ॅक्सेसचं लॉगिन ग्रंथपालांकडे मागा. शासकीय संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून आयईईईसह तीस प्रकाशकांची नियतकालिकं मिळतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजं पहिल्या टप्प्यात त्यात नाहीत, तिथे कॉलेजने स्वतः काय घेतलं आहे तेच. एक सक्त सूचना: एखादं एक्स्टेन्शन लावून दोनशे पीडीएफ सरसकट उतरवू नका. प्रकाशकाला ते कळतं आणि तो अख्ख्या कॉलेजचा अ‍ॅक्सेस बंद करतो.

शोधशब्द निवडणं ही निम्मी लढाई. एकाच सर्किटला "ड्रिव्हन राइट लेग", "राइट लेग ड्राइव्ह", "डीआरएल" आणि "आरएलडी" अशी चार नावं आहेत. ईसीजीला अमेरिकन लोक ईकेजीही म्हणतात. चारही नावं अवतरणचिन्हांत घालून मध्ये "ऑर" द्या, कंस करा आणि बाहेर "अँड" लावून ईसीजीची नावं जोडा. हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत टाइप करा. नुसतं डीआरएल टाकलंत तर डीप रीइन्फोर्समेंट लर्निंगचे पेपर कोसळतील. हजारांवर निकाल आले तर शोध फक्त शीर्षक आणि अ‍ॅबस्ट्रॅक्टपुरता मर्यादित करा. दहाच्या आत आले तर एखादा शब्द काढा. पन्नास-शंभर निकाल असले की माणूस शीर्षकं वाचून चाळू शकतो.

पण शब्दांनी शोधणं ही फक्त सुरुवात. खरी वाट संदर्भांची साखळी धरून जाते. राइट लेग ड्राइव्हबद्दल शोधलं की विंटर आणि वेबस्टर यांचा जानेवारी १९८३ चा पेपर पुन्हापुन्हा संदर्भांत दिसेल: आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन बायोमेडिकल इंजिनीअरिंग, खंड ३०, पृष्ठं ६२ ते ६६. पाच पानं, पण लूप ऑसिलेट का होतो आणि त्यावर उपाय काय, ते त्यात आहे. तिथून मागे गेलात की हुता आणि वेबस्टर यांचा १९७३ चा पेपर भेटतो, मेन्सचा गोंगाट कुठून कुठून शिरतो यावरचा. पुढे जायला गुगल स्कॉलरवर "साइटेड बाय" दाबा, त्या यादीतच "विदिन साइटिंग आर्टिकल्स" खुणा करून "बॅटरी" किंवा "लो पॉवर" शोधा. १९८३ च्या कल्पनेचं आज बॅटरीवर काय होतं, ते तिथे दिसेल. फार मागे जाल तेव्हा लक्षात असू द्या: आयईईई ही संस्था १९६३ मध्ये आयआरई आणि एआयईई एकत्र होऊन बनली, म्हणून त्याआधीच्या नियतकालिकांची नावं वेगळी आहेत.

पेपर मिळाला म्हणजे त्यातले आकडे उचलून वापरता येतात असं नाही. क्यूआरएस ओळखायला जो तो पॅन आणि टॉम्पकिन्स यांचा १९८५ चा अल्गोरिदम घेतो. तो २०० हर्ट्झ सॅम्पलिंगवर बेतलेला आहे. फिल्टरचे सहगुणक त्या रेटचे, आणि सरकत्या सरासरीची खिडकी ३० सॅम्पलची, म्हणजे १५० मिलिसेकंदांची. चाचणीसाठी सगळे वापरतात तो एमआयटी-बीआयएच डेटाबेस: ४७ व्यक्तींची अर्ध्या-अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग्ज, ३६० हर्ट्झवर. पेपरचा कोड जसाच्या तसा या डेटावर चालवला की ३० सॅम्पलची खिडकी ८३ मिलिसेकंदांची होते आणि ११ हर्ट्झच्या लो-पासचा कटऑफ २० च्या आसपास सरकतो. कोड चालतो, एरर येत नाही, फक्त ठोके चुकतात. खिडकी ५४ सॅम्पलची करा, किंवा डेटा आधी २०० हर्ट्झवर आणा. त्या पेपरमधल्या काही सूत्रांत चुकाही छापल्या गेल्या होत्या. दुरुस्ती बघितल्याशिवाय सूत्र कोडमध्ये घालू नका.

याच डेटाबेसवर ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर तपासून "गोंगाट नाही" असा निष्कर्ष लिहिलेले रिपोर्टही दिसतात. रेकॉर्डिंग अमेरिकेतलं, तिथला मेन्स ६० हर्ट्झचा. शिवाय रेकॉर्डर बॅटरीवर होते, गोंगाट बहुतेक टेप परत वाजवताना शिरला, आणि जी रेकॉर्डिंग्ज दुप्पट वेगाने डिजिटाइझ केली त्यांत तो ३० हर्ट्झला आणि त्याच्या पटींत दिसतो. डेटाबेसच्या माहितीपानावर हे सगळं लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या गोंगाटासाठी स्वतःचं रेकॉर्डिंग घ्या. ५०० हर्ट्झवर घेतलंत तर ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात बरोबर दहा सॅम्पल बसतात आणि फिल्टर सोपा होतो.

पेपर वाचायचा क्रम: अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या, मग निकालांचा तक्ता, मग मोजणी कशी केली तो भाग. प्रस्तावना शेवटी. मोजणीचा भाग नसेल, किंवा निकाल फक्त सिम्युलेशनचे असून तसं स्पष्ट म्हटलेलं नसेल, तर तो पेपर तुलनेच्या तक्त्यात घेऊ नका. पंधराशे-दोन हजार रुपयांत आठवड्याभरात छापणारी "आंतरराष्ट्रीय" जर्नल्स या कसोटीवर सहज गळतात. यूजीसीची केअर यादीही (मान्य जर्नल्सची) २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता स्वतः पारखायला शिकलेलं बरं.

पूर्ण पेपर मिळत नसेल तर स्कॉलरवर "ऑल व्हर्जन्स" बघा, लेखकाने स्वतःची प्रत संस्थेच्या साइटवर ठेवलेली असते. नाहीच मिळाला तर लेखकाला दोन ओळींचा मेल करा, पाठवतात. पुस्तक किंवा जुना अंक हवा असेल आणि कॉलेज डेलनेटचं (लायब्ररींच्या आपसातल्या देवाणघेवाणीच्या जाळ्याचं) सभासद असेल तर दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतो, पण त्याला वेळ लागतो, सबमिशनच्या आठवड्यात मागू नका. शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात बसून बघायचं असेल तर आपल्या ग्रंथपालांचं पत्र घेऊन जा. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध शोधगंगेवर प्रकरणवार पीडीएफमध्ये मोफत आहेत. निष्कर्षाचं प्रकरण सोडा. सर्किटचं आणि मोजणीचं प्रकरण उघडा, तिथे रेझिस्टर-कपॅसिटरच्या मूल्यांपासून इलेक्ट्रोड कुठे लावले इथपर्यंत सगळं असतं.

मागच्या बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट हीही लायब्ररीतली कामाची गोष्ट, पण संदर्भ म्हणून नाही. कुठला पार्ट इथल्या बाजारात मिळाला, गाईडनी काय विचारलं, "फ्युचर स्कोप"मध्ये काय अर्धवट सोडलं, एवढ्यासाठी बघा. त्यांची संदर्भयादी उचलू नका. एका बॅचने न वाचता टाकलेला चुकीचा पृष्ठक्रमांक पुढच्या पाच बॅचच्या रिपोर्टमध्ये तसाच फिरताना दिसतो.

नोंदी पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, फुकट आहे. त्याच्या जोडीला एक स्प्रेडशीट: पेपर, वर्ष, सप्लाय व्होल्टेज, पहिल्या स्टेजचा गेन, बँडविड्थ, सीएमआरआर आणि तो कशा स्थितीत मोजला, इनपुटचा गोंगाट, पॉवर, माणसावर तपासलं की सिम्युलेटरवर. बँडविड्थचा रकाना भरताना निदानासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ आणि नुसत्या मॉनिटरिंगसाठी ०.५ ते ४० हर्ट्झ हे दोन गट वेगळे ठेवा. ४० हर्ट्झवाल्याचा गोंगाट कमी दिसणारच. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. पंधरा-वीस ओळी भरल्या की कुठला रकाना सगळ्यांचाच रिकामा आहे ते दिसतं, बरेचदा तो "कशा स्थितीत मोजला" हाच असतो. तुमच्या प्रोजेक्टने तोच भरायचा: ५१ किलोओहमचे दोन रेझिस्टर इलेक्ट्रोडच्या जागी लावा, एक बदलून ३३ करा, आणि ५० हर्ट्झ किती वाढतो ते ऑसिलोस्कोपवर मोजा.

आणि ग्रंथपालांकडे जाताना "सर, ईसीजीवर काही आहे का" असं विचारू नका. ब्लॉक डायग्रामचा तो कागदच समोर ठेवा आणि कुठला आकडा अडलाय ते सांगा. ओपॅकवर चटकन न दिसणारे जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड कुठल्या खोलीत आहेत, हे बरेचदा त्यांनाच माहीत असतं.